वर्षावासाआधीची पाठवणी

आषाढी पौर्णिमा जवळ आली की आमच्या वस्तीतल्या विहाराचा कर्णा आधी खोकतो. वर्षभर तो गप्प असतो, चिमण्या त्यात काड्या कोंबून ठेवतात. मग कुणीतरी शिडी लावून त्या उपसतं, माईकवर फुंकर मारतं, आणि सगळ्या वस्तीला कळतं की वर्षावास आला. बायका पेटीतून पांढरी पातळं काढतात. त्या पातळांना डांबरगोळ्यांचा वास असतो आणि तो पहिले दोन-चार दिवस विहारात अगरबत्तीवरही मात करतो. सोयाबीन वीतभर वर आलेलं असतं. दिवसभर खुरपून आलेल्या बाया हातपाय धुतात, नखातली माती तशीच राहते, आणि त्या मातीच्या हातांनी त्रिसरण-पंचशील म्हणायला बसतात. पुढे आश्विनी पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी ग्रंथवाचन. पावसाळ्यात भिक्खूंनी भटकू नये, एका जागी राहावं, असा जुना नेम आहे. आम्ही घरसंसाराची माणसं तो नेम बसून, ऐकून पाळतो आणि शेवटी खीर खातो.

सगळ्यांना आवडणारा हा मोसम. मला मात्र त्याची लाज वाटते. उगीच आडवळणानं कशाला सांगू? कर्णा खोकला की माझे कान गरम होतात.

आता मी लातुरात असते. एका खाजगी क्लासमध्ये मुलांना इंग्रजी शिकवते. आमचं गाव चाकूरच्या पलीकडं, एसटीनं सहज जाऊन यावं इतक्या अंतरावर. पण हे तीन महिने मी गावाकडं फिरकत नाही. क्लासला सुट्टी नाही, पोरांच्या परीक्षा आहेत, पाय मुरगळलाय, असं काहीबाही आईला सांगते. आई ऐकून घेते. लातुरात तरी सुख कुठलं? निकाल लागले की चौकाचौकात हसऱ्या पोरांचे बॅनर लागतात. गळ्यात हार, कपाळावर टिळा, खाली अभिनंदन करणाऱ्यांचेच फोटो मोठे. मी त्यांच्याखालून जाताना पायाखालचा रस्ता बघत जाते. एकदा माझाही असा बॅनर लागला होता. चीनला निघालेल्या मुलीचा.

मला चीनला जायची शिष्यवृत्ती मिळाली होती. पुण्यात हिंदीतून एम.ए. करता करता संध्याकाळी चिनी भाषेचा कोर्स केला होता. अर्ज केला, मुलाखत संगणकाच्या पडद्यावर झाली आणि एका ज्येष्ठाच्या दुपारी निरोप आला की तिकडच्या विद्यापीठात एक वर्ष भाषा शिकायची, राहणं-खाणं त्यांचं. मी ही गोष्ट आईबाबांच्याही आधी सोपानबापूंना सांगितली. बापू म्हणजे आमच्या वस्तीतले निवृत्त प्राथमिक शिक्षक. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी बाराखडी शिकवली, आणि वर्षावासातलं वाचन कित्येक वर्षं त्यांच्याच आवाजात होतं. मी शाळेत असताना त्यांचा घसा बसला की एखादं पान माझ्याकडं द्यायचे. शाळेत ते आम्हाला चिनी भिक्खूंच्या गोष्टी सांगत. वाळवंट तुडवत, डोंगर चढत ते आपल्या मुलुखात शिकायला आले, ग्रंथ घेऊन माघारी गेले. गोष्ट संपली की बापू खडू खाली ठेवून विचारायचे, "ते आले. आपल्यातलं कोण गेलं?" मी पाचवीत असतानाच मनात म्हटलं होतं, मी जाईन.

निरोप ऐकून बापू खाटेवर बसले. मग म्हणाले, "कधी जायलीस?"

"व्हिसा आला की. भाद्रपदाच्या आसपास वर्ग सुरू होतात. पण बापू, साथीमुळं त्यांनी अजून दार उघडलेलं नाही."

"भाद्रपद म्हंजे भर वर्षावास की गं. वर्षावासात परवास कुठं करत्यात का? पौर्णिमेच्या आत गाव सोडायला पायजे."

"मी काय भिक्खू आहे का?"

"शिकाय निघालेला भिक्खूच असतो. व्हिसा येतो की मागून. तू निघ तर."

आता हसू येतं, पण तेव्हा मी मान डोलावली. गावातल्या पाटलांच्या घरी एक रीत होती. प्रवासाचा मुहूर्त एका दिवशी आणि प्रवास दुसऱ्याच दिवशी असेल, तर मुहूर्ताला आपलं गाठोडं शेजारच्या घरात नेऊन ठेवायचं. त्याला ते प्रस्थान ठेवणं म्हणत. बापू आयुष्यभर या रीतीची टिंगल करत आले. आमच्या आज्यापणज्यांनी धर्मांतर केलं तेव्हा मुहूर्त, अंगारे, दोरे सगळं उंबऱ्याबाहेर टाकलं, असं ते छाती फुगवून सांगत. आणि त्याच बापूंनी माझं गाठोडं करून मला वेशीबाहेर नेऊन ठेवलं. तेव्हा हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. मी तर नव्या बॅगेच्या वासानंच हुरळून गेले होते.

पाठवणी मात्र अशी झाली की लेकीबाळींच्याही लग्नात होत नाही. विहारात मला खुर्चीवर बसवलं. खुर्चीला पांढरा कपडा, गळ्यात झेंडूचा हार, त्यातल्या ओल्या दोऱ्यानं मान खाजत होती. घराघरातून काही ना काही आलं. शेंगदाण्याची चटणी, कालवणाचं येसर, उडदाचे पापड, लिंबाचं लोणचं. "तिकडं बेडूक खात्यात म्हणं, तू आपली चटणीभाकर खाय," अशी सूचनाही बरोबर. बायकांनी आपल्या जुन्या पांढऱ्या पातळांची एक वाकळ शिवून आणली होती, कारण चीनमध्ये थंडी लई. बापू भाषणाला उभे राहिले. शाळेत तासतासभर बोलणारा माणूस, त्या दिवशी दोन वाक्यं बोलून थांबला. "ही चाललीया. मी बघितलं," एवढंच म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. मला वाटलं, आनंद झालाय.

जीप वेशीबाहेर पडली तेव्हा आईनं पदर तोंडाला लावला होता. बाबा जीपच्या टपावर बॅग बांधताना दोरीची गाठ पुन्हा पुन्हा तपासत होते. त्यांना चीनपर्यंत ती टिकायला हवी होती. जीप चाकूरपर्यंत, तिथून एसटी, आणि त्याच संध्याकाळी मी नांदेडला मावशीच्या दारात उभी. माझा परदेश तिथं संपला.

शांतामावशी सरकारी दवाखान्यात नर्स. दोन खोल्यांचं घर, पुढे गल्ली, गल्लीच्या तोंडाशी नळ. तिनं बॅग खाटेखाली सरकवली आणि म्हणाली, "आठ-पंधरा दिवसाचं काम." मी बॅग उघडली नाही. बॅग उघडली की प्रवास मोडला, असं मीच मनात ठरवून टाकलं होतं. मावशीचे सैल गाऊन घालून वावरायची. आषाढ गेला, श्रावण आला. व्हिसाच्या दारावर एकच उत्तर चिकटलेलं होतं, सध्या नाही. नळावर मावशी मला मोठ्या तोऱ्यात ओळख करून द्यायची, "ही माझी भाची, चीनला जायली." श्रावण सरता सरता तिनं ओळख करून देणं बंद केलं. मग नळावरच्या बायाच विचारायच्या, "गेली न्हाई का अजून?" मी रिकामी घागर घेऊनसुद्धा घाईत असल्यासारखी चालायचे.

गावाकडं खुरपणीत आईला हाच प्रश्न. तिनं त्यावर एक शब्द शोधून काढला होता. "निघाली हाय," म्हणायची. शब्द खोटा नव्हता. मी खरोखर निघालेली होते. गेलेली नव्हते आणि घरीही नव्हते. लग्न लागूनही सासरच्यांनी न नेलेल्या पोरीसारखी माझी गत होती. अशा पोरीला निदान शिव्या द्यायला एखादा नवरा तरी असतो.

भाद्रपदात वर्ग सुरू झाले. पडद्यावर. तिकडची सकाळ म्हणजे आपली पहाट. गुरुद्वाऱ्याचं कीर्तन वाऱ्यावर घरात येत असायचं, मावशी पहिल्या पाळीसाठी डबा भरायची, आणि मी भिंतीला पाठ लावून, वर शहाण्यासारखी ओढणी आणि खाली मावशीचा गाऊन घालून चिनी सूर घोटायचे. तेच अक्षर वर चढवायचं, खाली उतरवायचं, मध्येच वळवायचं. शेजारची म्हातारी भिंत ठोकून विचारायची, "कुणाला वरडायलीस गं?" पडद्यावर शिकवणाऱ्या बाईंचं आडनाव लिन. फार सोशिक बाई. एकदा त्यांनी सगळ्यांना आपापल्या खिडकीतून काय दिसतं ते सांगायला लावलं. कुणी समुद्र सांगितला, कुणी बर्फाचा डोंगर. माझ्या खिडकीतून पाण्याची टाकी आणि तिच्याखाली बांधलेली म्हैस दिसत होती. म्हशीचा शब्द मला येत नव्हता. मी टाकी सांगितली आणि बसले. मग लिनबाईंनी आपला कॅमेरा खिडकीकडं वळवला. एक लांबलचक रस्ता, दोन्ही बाजूंना झाडं, सायकलवरून जाणारी पोरं. मी तिथं असायला हवं होतं. त्या सकाळी मी शिकले काहीच नाही, नुसती त्या रस्त्याकडं बघत राहिले.

आणि चटणी. तिच्याबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण ती सोडत नाही. मावशीकडं एकदा अचानक पाहुणे आले. घरात कालवण नव्हतं. मावशीनं खाटेखालून बॅग ओढली आणि सरळ चेन उघडली. "आता काय ममी करून ठेवायलीस का तिची?" म्हणाली. चटणीच्या पिशवीला मुंग्या लागल्या होत्या. तिनं ती ताटात पसरून उन्हात ठेवली, मुंग्या गेल्यावर पाहुण्यांना वाढली आणि माझ्याही ताटात घातली. पाहुणे वाखाणत होते. मी एकेक घास गिळत होते. ती चटणी ज्या ज्या घरात कुटली गेली होती त्या त्या घरातली बाई समोर बसून मला बघतेय असं वाटत होतं. रात्री त्या वाकळेवर झोपायलाही माझी छाती झाली नाही. ती घडी करून तशीच उशाला ठेवली.

इकडं गावात आणखी एक घोळ झाला. आईनं सांगितलं, पोरीची शाळा सुरू झाली. शाळा सुरू झाली म्हणजे पोरगी पोचली, असा वस्तीनं अर्थ लावला. तिथवर कुणी खोटं बोललं नव्हतं. पण आईनं दुरुस्त केलं नाही, मीही नाही. "पोचली" हा शब्द फोनवरून ऐकून मला क्षणभर बरं वाटलं, हे लिहितानाही हात अडतोय.

आश्विनी पौर्णिमेला वर्षावासाची सांगता. नांदेडला त्या दिवशी स्वच्छ ऊन होतं, सोयाबीनच्या राशींची धूळ शहरापर्यंत येत होती. संध्याकाळी फोन वाजला. बापूंचा आवाज, पण फुगलेला, घुमणारा. फोन माईकसमोर धरला होता.

"जयभीम सुजाताबाई! सगळी वस्ती बसलीया. कुठून बोलायलीस, सांग लोकाला."

मला मागं पंखा ऐकू येत होता. एक लेकरू रडत होतं. खिरीच्या पातेल्यावर डाव आपटल्याचाही आवाज आला. सगळी वस्ती माझ्या तोंडून एका दूरच्या शहराचं नाव ऐकायला थांबली होती.

"नांदेडहून," मी म्हणाले. "बापू, मी नांदेडातच आहे. कुठंच गेले नाही."

पंखा तेवढा चालू राहिला. मग बापूंनी घसा साफ केला.

"ऐका. वर्षावासात असंल त्या जागी ऱ्हायाचं असतंय. भिक्खूला जमत न्हाई ते पोरीनं केलं. नेम पाळला."

"साधू, साधू, साधू," वस्तीनं विहारातल्या रीतीनं शाबासकी दिली. फोनमधून ते तीन वेळा माझ्या कानावर आदळलं. कुणी शिव्या घातल्या असत्या तर मी रडून मोकळी झाले असते. या साधूवर काय करायचं तेच कळेना. मी कसला नेम पाळला होता? अडकलेल्या माणसाला कुणी व्रतस्थ म्हटलं की त्याला तोंड लपवायलाही जागा उरत नाही.

शिष्यवृत्तीचं वर्ष मी मावशीच्या भिंतीला पाठ लावूनच संपवलं. न पाहिलेल्या देशाची भाषा अंगात आणि ती बोलायला समोर माणूस नाही. गावी गेले तेव्हा बापू समोरून येत होते. मला बघून ते बोळात वळले. त्या बोळात त्यांचं काही काम नसतं, हे मला लहानपणापासून ठाऊक. मी समजले. ज्या पोरीसाठी एवढा गाजावाजा केला ती नांदेडला म्हैस बघून परत आली, तिचं तोंड कशाला बघतील? त्यानंतर मी लातुरात खोली घेतली आणि वर्षावासात गाव टाळायला लागले.

या वर्षी पुन्हा एक पत्र आलं. या वेळी फेलोशिप. तिकडच्या एका विद्यापीठात हिंदी शिकवायची आणि सोबत चिनीचा पुढचा अभ्यास. व्हिसाचा कागद पासपोर्टात चिकटून आला, तरी मी महिनाभर कुणाला बोलले नाही. आईला सांगितलं तेही बजावून, की वस्तीत एक शब्द नको. विमान भाद्रपदात आहे. गुपचूप जायचं, पोचल्यावर सांगायचं. पण आषाढी पौर्णिमेला लातूरच्या बसस्टँडवर एक पांढऱ्या पातळातली बाई शेजारून गेली, डांबरगोळ्यांचा वास आला आणि मी न ठरवता चाकूरच्या गाडीत बसले.

बापू अंगणात लिंबाखाली होते. आता त्यांना डोळ्यानं जवळजवळ दिसत नाही. आवाजावरून ओळखलं आणि खाटेवरून उठायला लागले.

"बसा बापू. मी चाललेय. ह्या खेपेला खरंच."

मी पासपोर्ट उघडून त्यांच्या हातात दिला. त्यांनी अंगठा पानावरून फिरवला, चिकटवलेल्या कागदाच्या कडेशी थांबवला, पुन्हा फिरवला.

"आला म्हण की."

"आला. पण मी भर वर्षावासात जायलेय. चालंल का?"

"चालंल की. न चालायला काय झालं? तो नेम भिक्खूचा असतो. तुला कशाचा?"

मला राग आला. इतक्या वर्षांचा. "मग त्या साली मला आधी का पिटाळलंत?"

बापूंनी पासपोर्ट मिटला. तो दोन्ही तळव्यांत धरून बसले.

"लातूरच्या डॉक्टरनं माझी छाती तपासली हुती. म्हणला, आपरेशन करा, पण भरवसा न्हाई. मला वाटलं, भाद्रपदापस्तोर काय आपण ऱ्हात न्हाई. तुझी पाठवणी तेवढी डोळ्यानं बघावी. लोकाला काय सांगू? मग वर्षावास पुढं केला." मग म्हणाले, "आन् मेलो बी न्हाई. आपरेशन झालं झ्याक. मला घाई झालती, आन् तू लटकलीस मदीच. तुला तोंड दाखवायची लाज वाटायली मला. बोळातून जात हुतो."

मी तोंडात पदराचं टोक धरून बसले. तो बोळ मी माझ्याच नावावर मांडून ठेवला होता.

"आन् वस्ती मला व्हिसामास्तर म्हणती," बापू म्हणाले. "आजून म्हणती. पोरंसोरं सुद्धा."

हे नाव मी कधीच ऐकलं नव्हतं. ऐकणार कुठून? मी लातुरात खोलीचं दार लावून बसले होते. गाव आपल्यालाच हसतंय या समजुतीत मी इतकी दंग होते की ते दुसऱ्या कुणाला हसत असेल हे सुचलंही नाही. लाजेतही माणूस किती स्वतःपुरतं बघतं! त्या लिंबाखाली मला जेवढी लाज वाटली तेवढी फोनवरच्या साधूनंही वाटली नव्हती.

संध्याकाळी मी त्यांचा हात धरून विहारात आले. पंचशील झालं. मी म्हणाले, "बापू, माईकवर सांगा."

"न्हाई गं. माझ्या तोंडानं पुन्यांदा नको."

"तुमच्याच तोंडानं."

ते उभे राहिले. "सुजाता चीनला जायली हाय," म्हणाले. मागून कुणीतरी खुसखुसलं. "व्हिसा आलाय. मी हात लावून बघितलाय." आता हसू उघडच पसरलं. कोपऱ्यातून एक पोरगा 'व्हिसामास्तर' म्हणालाही.

मी माईक ओढून घेतला. "त्या साली बापूंनी घाई केली नव्हती. मीच त्यांच्या मागं लागले होते, की पौर्णिमेआधी मला..."

"बाई," बापू मध्येच बोलले. माईक आमच्या दोघांच्या मध्ये होता. "आत्ताच पंचशील घेतलं आपण. खोटं बोलायचं न्हाई."

मग ते चाचपडत माईककडं वळले आणि छातीचं, डॉक्टरचं, वर्षावास पुढं करण्याचं सगळं जसंच्या तसं वस्तीला सांगितलं. आवाज कर्ण्यातून शेतापर्यंत जात होता. शेवटी म्हणाले, "मराया भ्यालो हुतो मी. पोरीची काय चूक न्हाई."

पंखा चालू होता. खुसखुसणाऱ्या बायांनी पदर तोंडाला लावले होते, पण आता हसण्यासाठी नाही. मग पहिल्या रांगेतून आईचा आवाज आला, "साधू." तिच्यामागून सगळी वस्ती म्हणाली. तिसऱ्या वेळी मीही हात जोडून म्हटलं. मान वर मात्र झाली नाही.